बांध मोजायला गेले आणि अर्धा खानदेश मोजून आले

शुक्रवार, २३ जानेवारी, रात्र

आधी खरं कारण सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाला वाटायला नको की मी दगड बघायला रजा टाकणाऱ्यातली आहे. कारण बांधाचं आहे. मामाचं शेत साक्री तालुक्यात, शेजारच्याने यंदा नांगरटीत बांध दोन फूट आत ढकलला असं मामाचं म्हणणं, शेजाऱ्याचं म्हणणं बरोब्बर उलटं, बोलणं बंद होऊन सहा महिने झाले, शेवटी मोजणीचे पैसे भरले आणि तारीख मिळाली मंगळवार २७ ची. आईचं नाव सातबाऱ्यावर आहे पण तिचे गुडघे आता प्रवासाचे राहिले नाहीत, म्हणून मी. चिरंजीव (वय ११) सोमवारच्या सुट्टीला जोडून मंगळवारची दांडी मिळतेय म्हणून.

तर त्या बांधापायी मी आठवडाभर रोज रात्री मोबाईलवर सॅटेलाइट नकाशा उघडून बसत होते, की वरून काही दिसतंय का. दोन फूट काय दिसणार, कप्पाळ! पण दुसरंच दिसलं. साक्री, धुळे, नंदुरबार ह्या सगळ्या भागावर पूर्व-पश्चिम काळसर रेघा, वहीवर पट्टी ठेवून ओढाव्यात तशा, एकीखाली एक. रस्ता म्हणावा तर एकाही गावात शिरत नाहीत, कॅनॉल म्हणावा तर टेकडी चढून पलीकडे उतरतात. मग शोधाशोध केली. ह्या डाईक. म्हणजे जमीन फाटली, फटीत खालून लाव्हा भरला, तिथेच थिजला, आणि आता आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यावर तो भरलेला भाग भिंतीसारखा उभा राहिला. नुसत्या नंदुरबार-धुळे पट्ट्यात एक किलोमीटरपेक्षा लांब अशा २१० भिंती संशोधकांनी मोजल्यात, १४,५०० चौरस किलोमीटर एरियात. जाडी कुठे ३ मीटर तर कुठे ६२, आणि सगळ्यात लांब आहे ती ७९ किलोमीटरची, साक्रीकडून धुळ्यावरून पार पारोळ्यापर्यंत. लहानपणापासून मी ह्या भागात येतेय, उन्हाळ्याच्या सुट्ट्या इथे काढल्या, आणि हे मला पुण्यात सोफ्यावर बसून कळावं!

आणि गंमत म्हणजे मामाचा वादातला बांध एका रेघेवर बरोब्बर बसतो.

रात्रीची ट्रेन, साइड अपर, झोपेचं नाव नको.

शनिवार, २४

भुसावळला दादा घ्यायला आला. दादा म्हणजे मामाचा मोठा मुलगा, धंदा बोअरचा, दोन गाड्या आहेत, वीस वर्षं खानदेशच्या पोटात भोकं पाडतोय. त्याचा प्लॅन आधीच ठरलेला: मोजणी मंगळवारी, तोवर यावल-चोपडा-शहादा-नंदुरबार करत उधारी गोळा करायची, आम्ही मागच्या सीटवर बसायचं. म्हटलं चालेल, माझ्याही रेघा वाटेतच आहेत. दादाला नकाशा दाखवला तर त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, म्हणे ह्या रेघांवर माझे किती बिट तुटलेत ते मला विचार.

पहिला थांबा यावलकडे, केळीच्या बागेत, तिथे त्याचं काम चालू होतं. मला वाटलेलं बोअर म्हणजे तो कानठळ्या बसवणारा कंप्रेसर आणि पांढऱ्या धुरळ्याचा फवारा, आपण गावाकडे बघतो तसा. इथे तसं काहीच नाही. गाडी वेगळी, आवाज कमी, आणि भोकात सतत चिखल सोडताहेत, तोच चिखल फिरून वर येतोय. दादा म्हणे इथे हातोडा मारायला खडक पाहिजे ना! खडकच नाही, चिखल भरून ठेवला नाही तर भोक ढासळतं, आणि केसिंगपण, म्हणजे भोकात उतरवायचा पाइप, वरपासून खालपर्यंत टाकावं लागतं. साक्रीला वीस-तीस फूट केसिंग टाकलं की काम संपलं, पुढे काळा पत्थर, तो कुठे जातोय.

बाजूला गोणपाटावर दर दहा फुटांचा नमुना छोट्या छोट्या ढिगात मांडून ठेवला होता, रांगोळीवाल्याच्या दुकानात रंग मांडतात तसा. पिवळी माती, मग बारीक रेती, परत माती, मग गोटे असलेली भरड, परत माती. पोरगा एकेक ढीग बोटाने दाबत शेवटपर्यंत गेला. सहाशे वीस फूट. एकही ढीग काळ्या खडकाचा नाही! आणि मान वर करून उत्तरेला बघितलं तर सातपुडा समोर, अगदी भिंत उभी केल्यासारखा, आणि तो सगळा काळाच.

इथे मला पहिल्यांदा जरा गरगरलं. कारण खडक आहे तो एकच, तोच लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, एकदा नाही, थरावर थर, आज उरलाय तोच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मोठी चीर आहे, तिच्या उत्तरेचा भाग वर राहिला आणि दक्षिणेचा, म्हणजे आम्ही उभे होतो तो, खाली बसला. मग त्या खड्ड्यात तापी आणि सातपुड्यावरचे नाले लाखो वर्षं गाळ टाकत बसले, शेकडो मीटर. तापी उलटी का वाहते ह्याचंही उत्तर तेच. गोदावरी, कृष्णा सह्याद्रीवरून निघून पूर्वेला जातात, आणि ही बाई मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेला खंबातच्या आखाताकडे, कारण तिने दरी कोरलेली नाही, तिला ती आयती मिळाली. पलीकडे नर्मदाही तशीच, मध्ये सातपुडा.

ज्याचं बोअर चालू होतं ते काका म्हणाले, आमच्या वडिलांच्या वेळी साठ फुटांवर मोटेनं पाणी काढायचे, आता आठशेला जाऊ तेव्हा जाऊ. गाळात पाणी भरपूर मावतं म्हणून केळी आली, केळी आली म्हणून पाणी खाली गेलं. त्यावर मी काय बोलणार, मी त्यांच्याच घरी भरीत-पुरी आणि कळण्याची भाकरी खात होते. भरीत मात्र तेच, जानेवारीतलं, पांढऱ्या-हिरव्या वांग्यांचं, काड्यांवर भाजलेलं, त्याच्यावर कच्चं तेल. पुण्यात भरीत म्हणून जे मिळतं त्याबद्दल मी काही बोलत नाही.

उधारी: अर्धी मिळाली, अर्धी "केळी कटली की".

रविवार, २५

उनपदेव. चोपडा तालुक्यात, अडावदहून आत, सातपुड्याच्या पायथ्याशी. गोमुखातून गरम पाणी पडतं, खाली कुंड आहे. गोष्ट अशी सांगतात की शरभंग ऋषींना कोड होतं, रामाने बाण मारून गरम पाणी काढून दिलं. जवळपास सुनपदेव, नझरदेव अशी अजून गरम झऱ्यांची ठिकाणं आहेत, म्हणजे रामाने एकच बाण मारलेला दिसत नाही.

पोराने घरून तापाचं थर्मामीटर आणलं होतं, मला न विचारता. गोमुखाखाली धरलं, दोन सेकंदात पीप पीप करून 'एच' दाखवून गप्प झालं, नंतर रात्रीपर्यंत चालू झालं नाही. म्हणजे ४२ च्या वर, एवढंच आमचं संशोधन. हात धरून बघितला, पाच आकडे मोजेपर्यंत काढावा लागला.

पोराचं ठाम मत की खाली ज्वालामुखी आहे. तसं नाही. आपल्याकडचा लाव्हा कधीच गार झाला. जमिनीत खाली जावं तसं गरम होत जातं, कुठेही, पुण्यातपण, किलोमीटरला साधारण २५-३० अंश. पावसाचं पाणी सातपुड्याच्या त्या पायथ्याच्या चिरेतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या वाटेने पटकन वर येतं, गार व्हायला वेळ मिळायच्या आत. चीर नसती तर उनपदेवपण नसतं. काल ज्या चिरेपायी दादाला सहाशे फूट खडक लागला नाही, आज तिच्याच पाण्यात लोक पाय सोडून बसले होते. दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणे, बोअर मारून गरम पाणी लागलं तर गिऱ्हाईक पैसे देईल का? धंदेवाईक माणूस.

संध्याकाळी अडावदजवळ एका गिऱ्हाइकाकडे चहाला थांबलो (उधारी: पूर्ण मिळाली, लिहून ठेवते कारण ही ऐतिहासिक घटना आहे). स्वयंपाकघरात कोपऱ्यात गुळाची ढेप, खाली पसरट झालेली. पोराने तेवढ्यात विचारलं की खाली सगळा लाव्हा भरलाय आणि आपण वर तरंगतोय ना? पुस्तकातल्या चित्रामुळे हे डोक्यात बसतं, माझ्यापण बसलं होतं. मग ती ढेप दाखवली. घणाने मारली तर टणकन फुटते, म्हणजे घट्टच आहे ना? पण उन्हाळाभर कोठीत ठेवली की स्वतःच्या वजनाने बसते, पसरते, न वितळता. आपल्या खालचं प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, तसं आहे. घट्ट दगडच, पण एवढा गरम की हजारो-लाखो वर्षांच्या हिशोबात वाहतो. त्याच्यावर साधारण शंभर किलोमीटर जाडीचे कडक तुकडे, त्यांना प्लेट म्हणतात, मोठे म्हटले तर सात-आठ, ते ह्या ढेपीवर सरकतात.

मग लाव्हा येतो कुठून? असं घरातल्या काकूंनीच विचारलं, त्या कुकर उतरवत होत्या. म्हटलं, कुकरमधलं पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही, दाब असतो म्हणून, शिट्टी उचलली की भसकन वाफ. खालचा दगडही गरम असतोच पण वरच्या वजनाने दबून घट्ट राहतो, तो वर सरकत आला किंवा वरची प्लेट ताणून पातळ झाली की दाब उतरतो आणि जास्त आच न देताच थोडाथोडा वितळायला लागतो. काकूंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग शिट्टी कोणी उचलली? फार बरोबर प्रश्न आहे हा! आपल्याकडची शिट्टी बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाने उचलली. खोलातून वर येणारा गरम दगडाचा लोट, आणि आपली प्लेट उत्तरेला जाताना बरोब्बर त्याच्यावरून गेली. आपण पुढे निघून आलो, मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी खूण राहिली, आणि रियुनियनचा ज्वालामुखी अजूनही जागा आहे. नकाशात बघा, धुळं विषुववृत्ताच्या वर २१ अंशांवर, रियुनियन खाली २१ अंशांवर.

मुक्काम शिरपूरला. लॉजवाल्याने आमची खोली दुसऱ्याला देऊन ठेवली होती, अर्धा तास हुज्जत, मग गच्चीशेजारची खोली मिळाली, पाण्याच्या टाकीचा रात्रभर आवाज.

सोमवार, २६

सकाळी शहाद्याच्या रस्त्याला एका गावात शाळेचं झेंडावंदन चालू होतं, गाडी थांबवली, उभे राहिलो. मला दरवर्षी ह्या वेळी पाय जमिनीवर नीट टेकलेत का बघायची सवय आहे. २००१ ला मी चौथीत, धुळ्याला, झेंडावंदन होऊन ओळी मोडत होत्या, पावणेनऊचा सुमार, आणि एकदम चक्कर आल्यासारखं झालं. मला वाटलं उपाशी आले म्हणून. मग बघते तर झेंड्याची दोरी वारा नसताना काठीवर आपटतेय आणि बाई ओरडताहेत मैदानातच थांबा. भूजचा भूकंप. कुठे कच्छ आणि कुठे धुळं. पंचवीस वर्षं झाली आज.

दादा म्हणे मी तेव्हा दहावीला होतो, मला काहीच कळलं नाही, मी परेड चुकवून झोपलेलो.

भूजचं आणि आमच्या तापीचं नातं लांबचं नाही. कच्छ काय आणि नर्मदा-तापी काय, ह्या जमिनीतल्या जुन्या फाटलेल्या जागा, कोट्यवधी वर्षांपूर्वी ताणल्या गेलेल्या. आता ताण संपला आणि उलटं सुरू झालं, आपली प्लेट आशियावर आदळून हिमालय उभा करतेय, तर तो दाब मागे सगळ्या प्लेटमध्ये पसरतो आणि जुन्या उसवलेल्या शिवणीवरच निघतो. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप झालाय, २२ मे १९९७ ला जबलपूरला झाला तो नर्मदेच्या पट्ट्यात. आणि प्लेट आजही वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर ईशान्येला जातेय. म्हणजे मी चौथीत उभी होते ते मैदान, झेंड्याच्या काठीसकट, तेव्हापासून सव्वा मीटर सरकलंय.

प्रकाशाला तापी ओलांडली. पाणी भरपूर, संथ. तोरणमाळ बघायचं ठरलेलं पण घाट चढायच्या आधीच गाडी गरम झाली, रेडिएटरचा पाइप, दीड तास गॅरेजमध्ये, मग रद्द. पोरगा रुसला. नंदुरबारला मिरचीच्या पथारी बघून हसला. मैदानच्या मैदान लाल, आणि शिंका. त्या लाल मैदानात बायका फडकं नाकाला बांधून वाकून मिरची पसरत होत्या, आम्ही गाडीच्या काचा बंद करून फोटो काढत होतो, ते काही बरं वाटलं नाही. उधारी: माणूस लग्नाला गेलेला.

आणि मग खरी मजा. नंदुरबारहून छडवेलवरून साक्रीकडे. रेघा पूर्व-पश्चिम, रस्ता उत्तर-दक्षिण, म्हणजे प्रत्येक रेघ ओलांडायलाच लागते. आधी मला ओळखूच येईनात, सगळ्या टेकड्याच. दादाने शिकवलं, टेकडी गोल असते, ही बघ, म्हशीची पाठ कशी लांबट असते. एकदा डोळ्याला सवय झाली मग सुटतच नाहीत, पवनचक्क्यांच्या खालून, बाजरीच्या शेतातून, डावीकडून येते, रस्त्यापाशी कापलेली असते, उजवीकडून पुढे जाते, सरळ, किलोमीटरच्या किलोमीटर.

एका कापलेल्या जागी उतरलो. हे जवळून बघण्यासारखं आहे, कधी गेलात तर दहा मिनिटं द्या. बाजूचा मूळ खडक मऊ, भुसभुशीत, त्यात पांढऱ्या गारगोट्यांचे ठिपके, नखाने पण सुटतात. आणि मग एकदम सरळ उभी रेघ, आणि पलीकडे काळा ठणठणीत. रेघेलगतचा काळा हातभर भाग एकदम बारीक, पाटीसारखा, दाणा दिसतच नाही. जसजसं आत जावं तसतसा दाणा दिसायला लागतो, मध्यावर चक्क रव्यासारखे पांढरे दाणे चमकतात. कारण सोपं आहे, लाव्हा गार खडकाला जिथे टेकला तिथे फटकन थिजला, दाणा धरायला वेळच मिळाला नाही, आणि मधला भाग सावकाश निवत बसला, गाजर हलव्याला कडेला आधी खरवड लागते तसं. दुसरं, ह्याला भेगा आडव्या पडल्यात. सपाट पसरलेल्या लाव्ह्यात उभे खांब पडतात, कारण तो वरून-खालून निवतो. हा दोन्ही कुशींनी निवला, म्हणून खांब आडवे, सरपणाची मोळी रचून ठेवावी तसे एकावर एक.

पोराने ह्या रेघेपासून त्या रेघेपर्यंत पावलं टाकली. एकोणीस. मग विचारलं, इथे आधी काय होतं? म्हटलं काहीच नाही, हा डावीकडचा मऊ खडक उजवीकडच्याला चिकटलेला होता. तो थांबला, दोन्हीकडे बघितलं. "म्हणजे नंदुरबार साक्रीपासून एकोणीस पावलं लांब गेलं?"

हो रे बाबा. तेच. मी हे सगळं वाचून आले होते पण असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भिंत फटीत घुसते म्हणजे दोन्ही बाजूंना तेवढं सरकावंच लागतं. प्रत्येक भिंतीची जाडी म्हणजे खानदेश तेवढा रुंद झाला, उत्तर-दक्षिण. आणि हे फार जुन्या काळचंच असतं असंही नाही, आइसलँडमध्ये नोव्हेंबर २०२३ ला ग्रिंडाविक नावाच्या गावाखाली अशीच पंधरा किलोमीटरची फट काही तासांत लाव्ह्याने भरली, गाव रातोरात रिकामं केलं, रस्ते मधोमध फाटले. समुद्राच्या तळाशी तर हाच उद्योग रोज चालतो, प्लेटा लांब जातात, फट पडते, भिंत भरते, तिच्या मधोमध परत फट, परत भिंत, अशा भिंतीला भिंत लागून समुद्राचा तळ तयार होतो, सहा-सात किलोमीटर जाड. आपल्याकडे ते मध्येच थांबलं. तुटायची ती जमीन पश्चिमेला तुटली, सेशेल्स बेटं तिकडे गेली, समुद्र मुंबईला आला. इकडेच फाटत राहिलं असतं तर? दादा म्हणे भुसावळला चौपाटी झाली असती आणि माझा बोअरचा धंदा बसला असता.

पुढे मोजत गेलो. साक्रीपर्यंत मी दहा मोजल्या, दादा म्हणतो बारा, पण त्यातल्या दोन म्हशी होत्या असं माझं मत आहे.

मंगळवार, २७

सकाळी नऊपासून बांधावर. मामा, मी, दादा, पोरगा, सातबाऱ्याची फाइल. पलीकडे शेजारी आणि त्याचा जावई, त्यांची फाइल. मध्ये बांध, म्हणजे ती भिंत. इथे ती कमरेइतकीच उंच आहे, मोठमोठे काळे धोंडे, बोरी-बाभळी उगवलेल्या, आणि तीच दोघांची हद्द, आजोबाच्याही आधीपासूनची.

एक गोष्ट मला लहानपणापासून दिसत होती आणि कधी विचारली नव्हती. मामाच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी, शेजाऱ्याची दिवाळीलाच तळ दाखवते, दोघींमध्ये दोनशे फूट अंतर. लोक म्हणायचे मामाचा पाणाड्या चांगला होता. पाणाड्या-बिणाड्या काही नाही. जमिनीखालचं पाणी वरून, डोंगराच्या अंगाने येतं, मऊ खडकातून झिरपत, आणि भिंतीला अडतं. मामा वरच्या अंगाला, तो खालच्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बंधारा, फुकटचा. त्या माणसाचा राग नुसता दोन फुटांचा नसणार.

दहा वाजले, अकरा वाजले, मोजणीवाले येईनात. दादाने गाडीतून टेप काढला आणि भिंतच मोजली. चौदा मीटर, वर एक वीत. मामाला सांगितलं, मामा हा तुझा शेजारी चौदा मीटर सरकून तिकडे गेलाय. मामा म्हणे तेव्हा सातबारा नव्हता.

पोरगा तोवर जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन नाल्यात बसला. नाल्याच्या रेतीत फिरवलं की चुंबकाला काळी दाढी येते, बारीक चकाकणारी. त्या खडकातलंच लोह आहे ते, मॅग्नेटाइट. लाव्हा निवताना हे दाणे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरून थिजतात, आणि ती दिशा किती तिरकी आहे त्यावरून खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला ते काढता येतं. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या लोकांनी आपल्या दख्खनचे दगड असे मोजले आणि उत्तर आलं विषुववृत्ताच्या खाली, तिशीच्या आसपास अंशांवर. वेगेनरने १९१२ ला खंडं सरकतात म्हटलं तेव्हा लोकांनी त्याला उडवून लावलं होतं, १९३० मध्ये तो ग्रीनलँडच्या बर्फात गेला, बिचाऱ्याला हे दगड दिसले नाहीत. मी मोबाईलवर हिशोब केला. तीस खाली आणि एकवीस वर, एक्कावन्न अंश, साडेपाच हजार किलोमीटरच्या वर, भागिले साडेसहा कोटी वर्षं. वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटर. ॲव्हरेज. आशियाला धडकायच्या आधी तर पंधराच्या वर पळत होतो, धडकल्यापासून मंदावलो.

पोरगा ती दाढी दाखवायला सरळ भिंत चढून पलीकडे गेला, शेजाऱ्याकडे. आम्ही सगळे गप्प. शेजाऱ्याने चुंबक हातात घेतलं, फिरवून बघितलं, मग भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "हाई भिंत देवनी बांधेल शे पोऱ्या. वरला आंगे पानी, खालना आंगे नुसती धुय." पोराला अहिराणी येत नाही, पण धुय (म्हणजे धूळ) शब्दावर तो हसला, म्हणून शेजारीपण हसला.

एक वाजता फोन आला की आज येणं होत नाही, मशीन दुसऱ्या तालुक्यात आहे, पुढची तारीख कळवू. मामाने जे म्हटलं ते इथे लिहिता येत नाही, पण पलीकडून शेजाऱ्यानेही त्याच माणसाला तेच म्हटलं, आणि बऱ्याच वेळ दोघं आलटून पालटून म्हणत राहिले, सहा महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांशी म्हणावं असं. मामीने शेवभाजी केली होती, डबा पलीकडेपण गेला. बांधाचं काहीच ठरलं नाही.

संध्याकाळी बसस्टँडवर सोडताना दादाने उधारीची डायरी काढली, ह्या चार दिवसांचं लिहायला. यावल अर्धे, अडावद पूर्ण, नंदुरबार नाही. मग पोराने सांगितलं म्हणून खाली अजून एक ओळ टाकली: भिंती २१०, मोजल्या ११, बाकी १९९.